शार्क वाढले की चावे वाढले? फ्लोरिडाच्या भांडणातला हरवलेला आकडा

अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात हौसेने मासे पकडणाऱ्यांची सध्या एक तक्रार ठरलेली आहे. गळाला मोठा मासा लागतो, दहा-पंधरा मिनिटं ओढाताण चालते, मग अचानक रॉडला जबरदस्त हिसका बसतो आणि दोरी हलकी होते. वर येतं ते फक्त माशाचं डोकं. बाकीचा मासा शार्कने नेलेला असतो. असे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने सापडतात आणि त्यांचा सूर जवळपास एकच असतो: शार्क फार माजलेत, आता त्यांना मारायची परवानगी द्या.

शास्त्रीय लिखाणात याला 'डिप्रिडेशन' म्हणतात. आपण सोप्या भाषेत 'गळावरची लूट' म्हणू. (आपल्या कोकणात शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात, पण इथे ज्या जातींबद्दल बोलतोय त्या वेगळ्या, म्हणून 'शार्क'च ठेवतो.)

हे भांडण आता अमेरिकेच्या संसदेपर्यंत पोचलंय. २०२३ मध्ये 'शार्क्ड ॲक्ट' नावाचं विधेयक मांडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केलं, पण त्या कार्यकाळात त्याचा कायदा झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते पुन्हा मंजूर केलं. गंमत म्हणजे नावात 'शार्क' असलं तरी त्यात शार्क मारण्याबद्दल काहीच नाही. मासेमार, शास्त्रज्ञ आणि सरकारी खाती यांचा एक कृती गट नेमावा आणि लूट नेमकी किती, कुठे आणि कशामुळे होते यावर संशोधन व्हावं, इतकीच मागणी आहे. म्हणजे अमेरिकेसारख्या देशालासुद्धा आधी 'आम्हाला नीट मोजून द्या' असा कायदा करावासा वाटतोय. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे माझं लक्ष या वाक्यानेच वेधलं. सगळे जण एरर वाढल्याची ओरड करतायत आणि एकूण रिक्वेस्ट किती आल्या हे कुणीच मोजलेलं नाही, अशी मीटिंग ज्याने अनुभवली असेल त्याला हे लगेच कळेल.

आधी थोडा इतिहास

१९७५ मध्ये 'जॉज' हा सिनेमा आला आणि अमेरिकेत शार्क मारणं हा मर्दुमकीचा खेळ झाला. त्यानंतरच्या दशकात शार्कच्या परांना आशियात चांगला भाव मिळू लागला, शिवाय सरकारनेही 'हा मासा फारसा कुणी पकडत नाही, पकडा' असं प्रोत्साहन दिलं. काही वर्षांतच किनाऱ्यालगतच्या मोठ्या शार्कची संख्या कोसळली. १९९३ मध्ये अटलांटिक किनाऱ्यासाठी पहिला शार्क व्यवस्थापन आराखडा आला. पुढे एकेका जातीवर बंधनं आली: २००० मध्ये डस्की शार्क पकडायला पूर्ण बंदी, २००८ मध्ये सँडबार शार्कची व्यापारी मासेमारी जवळजवळ बंद.

या बंधनांचा उपयोग झाला. १९७०च्या दशकापासून त्याच पद्धतीने, त्याच भागांत लांब दोरीवर गळ लावून शार्क मोजणारी सर्वेक्षणं तिथे चालू आहेत. त्यांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तळ दिसतो आणि नंतर काही जातींची रेषा हळूहळू वर चढते. जगाच्या पाठीवर हे दुर्मिळ आहे. खुल्या समुद्रातले शार्क आणि त्यांचे नातलग असलेले रे मासे १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटले, असं २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं होतं.

तर मग मासेमारांचं म्हणणं खरंच आहे की, शार्क वाढलेत! हो, काही जाती वाढल्यात. पण किती, आणि कशाच्या तुलनेत?

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये 'शिफ्टिंग बेसलाइन' ही कल्पना मांडली. माणूस ज्या वर्षी समुद्रावर जायला लागतो, त्या वर्षीचा समुद्र त्याला 'नॉर्मल' वाटतो. आज पन्नाशीत असलेला फ्लोरिडातला बोटवाला साधारण नव्वदच्या दशकात शिकला, म्हणजे नेमका शार्क सर्वांत कमी असताना. त्याच्या डोक्यातला आलेख तळापासून सुरू होतो, म्हणून आजची वाढ त्याला स्फोट वाटते. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या लॉगची सुरुवातच चुकीच्या तारखेला झालीय.

आता हे बघा. सरकारी आराखड्यानुसार सँडबार शार्कची संख्या पूर्ववत व्हायचं लक्ष्य वर्ष आहे २०७०. डस्की शार्कचं २१०७. छपाईची चूक नाही, एकवीसशे सात! सँडबारची मादी वयात यायलाच साधारण तेरा वर्षं किंवा जास्त लागतात, मग दोन-तीन वर्षांतून एकदा आठ-नऊ पिल्लं होतात. त्यामुळे 'सावरतायत' आणि 'सावरले' या दोन शब्दांत कित्येक दशकांचं अंतर आहे. पाच-दहा वर्षं मोकळी शिकार करू दिली तर तीस वर्षांची कमाई जाऊ शकते, आणि ती परत मिळवायला पुन्हा तितकीच वर्षं.

त्यात डस्की आणि सँडबार दिसायला इतके सारखे की बोटीच्या कडेला, पाण्यात वळवळणाऱ्या जनावराकडे बघून भल्याभल्यांची गल्लत होते. फ्लोरिडात टार्पनवर झडप घालणारा ग्रेट हॅमरहेड तर जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे आणि फ्लोरिडाच्या पाण्यात २०१२ पासून त्याला मारायला बंदी आहे. 'शार्क मारा' म्हणताना नेमका कुठला, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

चावे म्हणजे शार्कची संख्या नव्हे

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून बोलतो.

गळावरच्या लुटीची एक घटना घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. शार्क आसपास असला पाहिजे. बोट आणि शार्क एकाच जागी आले पाहिजेत. आणि बोट म्हणजे आयतं जेवण, हे शार्कला माहीत असलं पाहिजे. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे चाव्यांची संख्या. पहिली गोष्ट थोडी वाढली आणि उरलेल्या दोन दुपटीने वाढल्या, तरी मासेमाराला दिसतं एकच: चावे खूप वाढले. दोष मात्र सगळा पहिल्या गोष्टीवर जातो.

उरलेल्या दोन गोष्टी वाढवण्यात तंत्रज्ञानाचा हात मोठा आहे. पूर्वी समुद्रात खडक शोधणं हे कसब होतं. आता जीपीएसमध्ये आकडे टाकले की बोट थेट खडकावर. सोनारच्या स्क्रीनवर खालचे मासे दिसतात. नवीन इलेक्ट्रिक मोटरी तर जीपीएस वापरून नांगर न टाकता बोट एकाच बिंदूवर तासन् तास धरून ठेवतात. शिवाय अलाबामासारख्या राज्यांनी मासे गोळा व्हावेत म्हणून समुद्रतळावर हजारो कृत्रिम खडक टाकलेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जागांचे आकडे सगळ्यांना उपलब्ध आहेत. मग शनिवारी सकाळी त्याच चार जागांवर सगळ्या बोटी.

शार्कच्या बाजूने विचार करा. खालच्या पट्टीतला आवाज त्याला लांबून कळतो. ठरावीक जागी इंजिनाचा आवाज आला, की थोड्या वेळात एक दमलेला, पळता न येणारा मासा मिळतो. मशीन लर्निंग शिकलेल्याला वेगळं सांगायला नको, हे सरळ सरळ रिएन्फोर्समेंट लर्निंग आहे: कृती, बक्षीस, पुन्हा कृती. आपणच बोटीवरून बक्षीस देतोय, आणि तेही अधूनमधून, नेम नसलेलं. अशा बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते.

याला पुरावा आहे का? पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू आणि एक्समथच्या परिसरात हौशी मासेमारांच्या फेऱ्या तपासल्या गेल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले. शंभरातल्या साधारण ३९ फेऱ्यांत निदान एक तरी मासा शार्कने नेला होता. तळाजवळच्या मासेमारीत गळाला लागलेल्या माशांपैकी सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास गेले. आणि लूट कशावर अवलंबून होती? पाण्याच्या खोलीवर, जागेवर, आणि पाच किलोमीटरच्या आत आणखी किती बोटी मासेमारी करत होत्या यावर. जिथे गर्दी, तिथे लूट जास्त.

दुसरा अभ्यास फ्लोरिडाचाच, बहिया होंडा नावाच्या खाडीतला, २०२२ मध्ये आलेला. तिथे टार्पन नावाचा मोठा, चंदेरी मासा पकडून सोडून देतात. खायचा नसतो, झुंजीची मजा. तीन वर्षांत गळाला लागलेले जवळपास ४०० टार्पन शास्त्रज्ञांनी पाहिले. पाच मिनिटांपेक्षा जास्त झुंज चाललेल्या माशांपैकी १५.३ टक्के माशांना शार्कने गळावरच किंवा सोडल्या सोडल्या गाठलं. त्यांनी हॅमरहेड आणि टार्पन दोघांनाही आवाज सोडणारे टॅग लावले होते, आणि पाण्याखालचे रिसीव्हर ते ऐकत होते. दोघांचा वावर त्या खाडीत एकमेकांवर चढलेला दिसला. म्हणजे अंड्यांच्या हंगामाआधी टार्पन जिथे जमतात तिथे हॅमरहेड येणारच. तो तिथला जुना रहिवासी. पर्यटकांची बोट तिथे नंतर आलीय.

ज्याची नोंदच होत नाही तो मासा

शार्कने नेलेला मासा कुठल्या खात्यात जमा होतो? बंदरावर उतरलेले मासे मोजले जातात. सोडून दिलेल्यांचा अंदाज बांधला जातो. पण अर्धवट खाल्लेला मासा ना उतरलेला, ना सोडलेला. तो मेला हे नक्की, आणि हिशेबात त्याला धड रकाना नाही.

याचा फटका शेवटी मासेमारालाच बसतो. रेड स्नॅपर या माशाचं उदाहरण घ्या. दक्षिण अटलांटिकच्या केंद्रीय पाण्यात २०२४ मध्ये हौशी मासेमारांना रेड स्नॅपर घरी न्यायला किती दिवस मिळाले? एक. वर्षातला एक दिवस! कारण उरलेल्या दिवसांत दुसरे मासे पकडताना स्नॅपर गळाला लागतो, तो सोडून द्यावा लागतो, आणि सोडलेल्यांतले बरेच मरतात. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते. सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही. तो पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि शार्क किंवा डॉल्फिनचा घास होतो. म्हणून तिथे २०२० पासून बोटीवर 'डिसेंडिंग डिव्हाइस' ठेवणं सक्तीचं आहे. साधं उपकरण आहे: वजनाला लावलेला चिमटा, जो माशाला खोल नेऊन सोडतो. पण शार्क सरावलेले असतील तर ते त्या वाटेवरही टपून बसतात.

गॅजेट चालतात का?

तंत्रज्ञानाच्या वाचकाचा पहिला प्रश्न हाच असणार. शार्कच्या थूथनावर 'लोरेन्झिनीच्या कुप्या' नावाची बारीक छिद्रं असतात. इटलीच्या स्टेफानो लोरेन्झिनीने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आत जेल भरलेली असते, आणि त्यातून शार्कला वीज जाणवते. किती सूक्ष्म? एका सेंटिमीटरला पाच नॅनोव्होल्ट इतकी. वाळूत दडलेल्या माशाच्या शरीरातली वीज त्याला पुरते.

मग त्याच सेन्सरवर जोरदार सिग्नल मारला तर? याच तत्त्वावर 'शार्कगार्ड' हे इंग्लंडमधल्या कंपनीचं उपकरण आहे. गळाजवळ लावलेली छोटी बॅटरीवरची डबी थोड्या थोड्या वेळाने विजेचा झटका सोडते. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ट्यूना पकडणाऱ्या लांब दोरीच्या बोटींवर अठरा हजारांहून जास्त गळ वापरून चाचणी झाली. निळे शार्क ९१ टक्के कमी लागले, रे मासे ७१ टक्के. आकडे भारी आहेत. पण तिथे शार्कला मेलेल्या आमिषापासून दूर ठेवायचं होतं. इथे प्रश्न तडफडणाऱ्या जिवंत माशाचा आहे, जो दोरीवर इकडेतिकडे पळतोय आणि ज्याच्या मागे तीन शार्क एकमेकांशी स्पर्धा करतायत.

शिवाय भौतिकशास्त्र आडवं येतं. अशा डबीचं विद्युतक्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट, तर जोर एक-अष्टमांश. म्हणजे परिणाम मीटरभराच्या आसपासच. चुंबकाची उपकरणंही बाजारात आहेत, त्यांचीही मर्यादा तीच. आवाज आणि वास शेकडो मीटरवरून बोलावणं धाडतात, आणि आपण दारात आलेल्या पाहुण्याला शेवटच्या पायरीवर अडवतोय. भुकेलेला पाहुणा, तोही घोळक्याने आलेला, एका झटक्याला किती जुमानेल? माझ्या मते ही उपकरणं उपयोगी आहेत, पण मुख्य इलाज म्हणून ती विकत घेणाऱ्याची निराशा होईल.

त्यापेक्षा स्वस्त गोष्टी आहेत. मजबूत दोरी आणि दमदार रीळ वापरून झुंज लवकर संपवणं, कारण पाण्यातला प्रत्येक मिनिट म्हणजे जास्तीची जोखीम. उरलेलं आमिष आणि माशांचे अवशेष त्याच जागी न फेकणं. आणि पहिला मासा गेला की जागा सोडणं, दोनशे मीटर नव्हे, चांगलं लांब. बक्षीस थांबलं की शिकवणीही हळूहळू थांबते.

डेटा कोण देणार?

आता परत हरवलेल्या आकड्याकडे. लूट मोजायची तर 'शार्कने मासा नेला' इतकी नोंद पुरत नाही. 'आज वीस मासे लागले आणि एकही गेला नाही' हीसुद्धा नोंद हवी. लोक तक्रार नोंदवतात, शांत दिवस कुणी नोंदवत नाही. नुसत्या तक्रारींवर बनवलेलं ॲप म्हणजे फक्त वन-स्टार रिव्ह्यू गोळा करणारी यंत्रणा. म्हणून ॲप बनवायचं तर प्रत्येक फेरीची नोंद हवी, शून्य असली तरी.

कुठला शार्क होता हे कळायला डोळ्यांवर विसंबायची गरज नाही. चावलेल्या जागी कापसाचा बोळा फिरवला तर शार्कच्या पेशी मिळतात, त्यातल्या डीएनएवरून जात ओळखता येते. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत ही पद्धत वापरून झालीय. वर आलेलं ते डोकं फेकून न देता त्यावर एक बोळा फिरवायचा, बस.

खरी अडचण विश्वासाची आहे. मेक्सिकोच्या आखातात पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या चार्टर बोटींवर सरकारने जीपीएस ट्रॅकर सक्तीचे केले होते, तेही बोटवाल्याच्या खर्चाने. बोटवाले कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियमच रद्द केला. मला इथे बोटवाल्यांचं म्हणणं पटतं. ज्या जागेवर मासे मिळतात ती जागा म्हणजे त्यांचा धंदा. ती सरकारी सर्व्हरवर मिनिटामिनिटाला का द्यावी?

पण शार्कच्या अभ्यासाला इतकी अचूक जागा लागतच नाही. पाच-दहा किलोमीटरचा चौकोन, खोलीचा टप्पा, किती वेळ गळ पाण्यात होता, किती मासे लागले, किती गेले, आसपास किती बोटी. अचूक आकडे फोनमध्येच राहू द्यायचे, बाहेर फक्त चौकोनाचा क्रमांक पाठवायचा. हे करणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, आमच्या क्षेत्रात रोज करतात. बदल्यात बोटवाल्याला काहीतरी मिळालं पाहिजे: कालपासून कुठल्या चौकोनात लूट जास्त आहे, हे त्याला सकाळी निघण्याआधी दिसलं तर तो स्वतःहून नोंद करेल.

जागा सोडण्याचा सल्ला मात्र ऐकायला जितका सोपा, तितका बोटीवर नाही. अर्ध्या दिवसाची ट्रिप, सहा गिऱ्हाईकं, पहिल्याच तासात शार्कने दोन मासे नेलेले. कप्तानाने तिथून वीस किलोमीटर जायचं ठरवलं तर पाऊण तास गेला आणि इंधन वेगळं. गिऱ्हाईकाने पैसे गळ टाकायला दिलेत, समुद्र बघायला नाही. तो वेळ आणि ते इंधन कुणाच्या खिशातून जाणार, हे त्या कृती गटाच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारायला हवं.